स्लायगोचा सत्कार

मराठी माणसाला 'तू आम्हाला नकोस' असं कुणाला तोंडावर सांगता येत नाही. तो त्याचा सत्कार करतो. आयर्लंडमधल्या कॉलेज कबड्डी परिषदेचे सचिव पद्माकर खरे याला अपवाद नव्हते.

परिषद म्हणजे चार कॉलेजांचे संघ. ती सुरू केली दूर वायव्येकडच्या स्लायगो गावच्या डॉक्टर दीनानाथांनी. इस्पितळात लोकांना भूल द्यायची आणि सुट्टीच्या दिवशी कॉलेजच्या पोरांना जागं करून कबड्डी शिकवायची, हा त्यांचा क्रम. त्यांच्या स्लायगोच्या संघात दोन आयरिश पोरंही होती. चढाईला गेली की दम लागायच्या आधी त्यांना हसूच फुटायचं. डब्लिनजवळच्या ॲडम्सटाउनच्या हॉलला मॅट नव्हत्या तेव्हा दीनानाथांनी त्या गाडीच्या टपावर बांधून आणल्या होत्या. कबड्डीशी फारसा संबंध नसलेल्या पद्माकरांना आग्रहाने सचिव केलं, तेही त्यांनीच.

मग भारतातही दिसणाऱ्या एका क्रीडावाहिनीने सामने दाखवायचे पैसे देऊ केले. अट एवढीच, की डब्लिनची तीन मोठी कॉलेजं आत घ्यायची आणि स्लायगोला सोडायचं. तिकडे बघणारं आहे कोण? वाहिनीच्या तन्वीने हे इतक्या गोड आवाजात सांगितलं, की समितीने चहा संपायच्या आत एकमताने ठराव केला. ठरावाचं नाव 'परिषदेचा विस्तार'. दीनानाथांना कळवायचं काम अर्थातच सचिवांकडे आलं.

पद्माकरांनी फोन लावला, स्लायगोच्या हवेची चौकशी केली आणि ठेवला. पुढेही असंच होत राहिलं. स्लायगोत पाऊस आहे, एवढी बातमी मात्र पक्की झाली.

"सांगितलंत का आज?" त्यांची बायको विद्या विचारी.

"विषय निघाला नाही."

"तो काय आपणहून निघणार होता?"

शेवटी समितीनेच तोड काढली. सामन्यांचं वेळापत्रक जाहीर होईल त्या दिवशी दीनानाथांचा सत्कार करायचा. "सत्कार झाला की माणूस समजून जातो," अध्यक्ष म्हणाले. शाल ठरली, मानचिन्ह ठरलं. श्रीफळ तेवढं वगळलं. उगाच अर्थ निघायला नको.

दीनानाथ समजून गेले नाहीत. मिनीबस भरून पोरांना घेऊन ते ॲडम्सटाउनच्या हॉलवर हजर झाले. सगळ्यांच्या अंगात कोऱ्या जर्सी.

"टीव्हीवर यायचं म्हणून करून घेतल्या, सचिवसाहेब. आणि आज रात्री सत्कार दाखवणार म्हणून आई तिकडे सांगलीत शेजारीपाजारी गोळा करून बसणार आहे."

सांगायची ही शेवटची संधी होती. पद्माकरांनी घसा खाकरला. "पोरांना समोसे घ्यायला सांगा," ते म्हणाले. "गरम आहेत."

शाल घातली गेली, टाळ्या झाल्या. दीनानाथ बोलायला उभे राहिले. "लोक म्हणत होते, टीव्ही आला की लहान कॉलेजांना बाहेर काढतील. मी पोरांना म्हटलं, अरे, पद्माकर आहेत ना तिथे."

लगेच पडद्यावर वेळापत्रक झळकलं. पोरं ते वरून खाली वाचत गेली, मग खालून वर. "कोच, आपण कुठे आहोत?" एका आयरिश पोराने इंग्रजीत विचारलं.

दीनानाथांनी शाल काढून घडी केली आणि ते पद्माकरांजवळ आले.

"फोनवर पावसाचं विचारत होतात, ते यासाठी?"

"हो."

"मग सांगायचं होतं हो. मी पोरांना इथवर आणलं नसतं."

तेवढ्यात तन्वी धावत आली. "काका, सॉरी हं. शाल घालताना कॅमेऱ्यासमोर कुणाचं तरी डोकं आलं. पुन्हा एकदा घेऊ या?"

"राहू दे आता," पद्माकर म्हणाले.

"मग रात्री सत्कार दाखवताच येणार नाही."

दीनानाथांनी घडी केलेली शाल पद्माकरांच्या हातात दिली आणि मान खाली वाकवली.

"घाला," ते हळूच म्हणाले. "आई वाट बघत असेल. आणि जरा हसा. तिला कळायला नको."

शाल नीट बसली. हसू काही पद्माकरांना जमेना. तन्वीने परत "पुन्हा एकदा" म्हटलं, तेव्हा दीनानाथांनी वाकलेली मान तशीच ठेवून पोरांना बसमध्ये जाऊन बसायला सांगितलं.