बारा वाजायच्या आत मोनारो

ईस्टरच्या शनिवारी सकाळी सव्वादहालाच ब्रेंटन शुल्त्झ गाडीमागे रिकामा ट्रेलर जोडून ग्लेनिस हॅरपच्या दारात हजर झाला. पैज दुपारी बाराची होती. पण दुसऱ्याच्या वस्तूवर डोळा ठेवून असलेल्या माणसाला घरी थोडाच दम निघतो! ट्रेलर त्याने बरोबर फाटकात घातला, पट्टे आणि साखळ्या मोकळ्या करून ठेवल्या आणि घडीची खुर्ची काढून ग्लेनिसच्याच लिंबाच्या झाडाखाली ठाण मांडलं.

"घाई नाही हं, ग्लेनिस," तो शेडच्या दिशेने ओरडला. "मी आपला बसलोय."

"दिसतंय," आतून उत्तर आलं. "तिथे मुंग्या आहेत. लाल."

ब्रेंटनने खुर्ची दोन हात सरकवली.

शेडमध्ये ग्लेनिसची मोनारो उभी होती. १९७१ सालची, दोन दारांची, लांबलचक नाकाची, आठ सिलिंडरची. एकोणीस वर्षांची असताना ग्लेनिसने ती पहिल्या नोकरीच्या पगारातून घेतली, तेव्हा घरच्यांनी कपाळाला हात लावला होता. पुढे तिच्या भावाने, रॉजरने, एकदाही तेल न बघता ती उन्हाळाभर पिदडली आणि इंजिन कायमचं जाम करून ठेवलं. त्या दिवसापासून गाडी शेडमध्ये गेली ती गेलीच. रॉजर अजूनही म्हणतो की इंजिन आधीच थकलेलं होतं. त्याचं सोडा.

एलिझाबेथ गावातल्या मोटारींच्या कारखान्यात ग्लेनिसने सव्वीस वर्षं काढली, सगळी वायरिंगच्या ठाण्यावर. कारखाना बंद झाला त्या दिवशी गेटबाहेर धिप्पाड गडी हमसून हमसून रडले. ग्लेनिस रडली नाही. पुढच्या सोमवारी ती पहाटे उठली, डबा भरला, सहाच्या ठोक्याला मागच्या शेडमध्ये गेली आणि अडीचला बाहेर आली. मंगळवारी तेच. सहा वर्षं तेच.

या सहा वर्षांत तिने गाडीचा खिळा न् खिळा मोकळा केला. जुनं इंजिन काढलं आणि एका नव्या सेडानचं ॲल्युमिनियमचं इंजिन आणलं. ती सेडान त्यांच्याच कारखान्याच्या शेवटच्या वर्षातली. मागून ट्रकने ठोकल्यामुळे भंगारात गेलेली, पण पुढून धडधाकट. हे इंजिन कॉम्प्युटरवर चालतं, जुन्याच्या निम्मं पेट्रोल पितं आणि ताकद दुप्पट देतं. ते जुन्या सांगाड्यात बसवायला ग्लेनिसला ते टेकवायचे नवे पाय घडवावे लागले, तेलाची टाकी कापून उथळ करावी लागली, आणि ते सगळं सरकारमान्य इंजिनिअरला दाखवून सही घ्यावी लागली. सही मिळाली. रस्त्यावर काढायचा एका दिवसाचा परवाना मिळाला, आजचाच. फक्त इंजिन सुरू होत नव्हतं.

पैज लागली होती ती नववर्षाच्या रात्री, जेवणाच्या टेबलावर. डेस, म्हणजे ग्लेनिसचा नवरा, निवृत्त बसड्रायव्हर, एरवी गरीब गाय. पण त्या रात्री त्याने काटा-सुरी खाली ठेवली.

"ग्लेन, ती गाडी कधी होणारच नाहीये. तुला ती व्हायलाच नकोय."

"काहीतरीच काय!"

"काहीतरीच नाही. तू अजून शिफ्टला जातेस. मी सहा वर्षं एकटा नाश्ता करतोय. मला गाडीचं काही नाही गं. मला माझी बायको परत हवीय."

ग्लेनिसला ते वर्मी लागलं, आणि वर्मी लागलं की ती चिडते. "ईस्टरच्या शनिवारी दुपारी बाराला," ती म्हणाली, "गाडी स्वतःच्या इंजिनावर फाटकाबाहेर गेली नाही, तर तुझ्या त्या ब्रेंटनला बोलव. मी किल्ली देईन त्याच्या हातात."

बरोसा खोऱ्यातला द्राक्षमळेवाला ब्रेंटन तीन वर्षं या मोनारोच्या मागे होता. त्याच्या गोठ्याएवढ्या शेडमध्ये अशा नऊ गाड्या आहेत. सगळ्या अस्सल, सगळ्या चादरीखाली, आणि एकही चालत नाही, कारण चालवली की झिजते. ग्लेनिसचं नवं इंजिन उपटून फेकायचं आणि जुन्या वळणाचं एखादं घालून मोनारो दहावी म्हणून उभी करायची, हे त्याने आधीच जाहीर केलं होतं. "नवं इंजिन घालणं म्हणजे आजीला जीन्स घालणं," असं तो म्हणायचा. म्हणजे आज बारा वाजले की ही गाडी पुन्हा कधीच धावणार नव्हती. ग्लेनिसला झोप नव्हती ती याच विचाराने.

"पुन्हा सेल्फ मार," साल वेला म्हणाला.

साल माल्टाचा, चौऱ्याहत्तर वर्षांचा, कारखान्याच्या रंगशाळेत तीस वर्षं फवारणी केलेला. मोनारोला त्याने असा नारिंगी रंग दिला होता की बघणाऱ्याने हात मागे बांधून उभं राहावं. बाहेरून तर दिलाच, पण बॉनेटच्या आतला पत्रा, डिकीचा तळ, कोणाला कधी दिसणार नाहीत ते कोपरेसुद्धा त्याने चार-चार हात देऊन आरशासारखे केले होते.

ग्लेनिसने किल्ली फिरवली. सेल्फ जोरात फिरला, इंजिन घरघरलं, डॅशबोर्डवरचे दिवे मिणमिणले, पेट्रोलचा पंप गप्प. इंजिन काही धरेना. गुरुवारपासून हेच चाललं होतं.

"बॅटरी?"

"नवी आहे, साल."

"फ्यूज?"

"तीनदा बघितले. मीटर लावून बघितलं. प्रत्येक वायरीत वीज आहे. कॉम्प्युटरपर्यंत आहे, पंपापर्यंत आहे. वीज जातेय तिथपर्यंत, पण काम करत नाहीये."

"मग तुझ्या वायरिंगमध्येच घोळ असणार."

"माझ्या वायरिंगमध्ये?" ग्लेनिस ताडकन गाडीबाहेर आली. "सव्वीस वर्षांत माझ्या ठाण्यावरून एक गाडी परत आली नाही. एक!"

"माझ्या रंगावरून आल्या होत्या का? ओरडू नकोस, पोरी, मी म्हातारा आहे."

साडेअकराला डेस ट्रेवर चहा आणि गरम बन घेऊन आत आला. ग्लेनिस चाकाला टेकून जमिनीवर बसली होती, आणि तिचे डोळे भरले होते. कारखाना गेला तेव्हाही न रडलेली बाई! डेसने ट्रे ठेवला आणि गुडघे कुरकुरत असतानाही तिच्या शेजारी खाली बसला.

"मी सांगू का ब्रेंटनला परत जायला?"

"नको. शब्द म्हणजे शब्द." तिने बाहीने नाक पुसलं. "डेस, मला हे येतं रे. झोपेतसुद्धा येतं. मग होत का नाही?"

"झोपेत येतं ना? मग डोळे मीट आणि कर," डेस म्हणाला. त्याला आपलं तिला बोलतं ठेवायचं होतं, बाकी वायरिंगमधलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं. "समज, गाडी तुझ्या ठाण्यावर आली. काय करायचीस तू? मला कधी दाखवलंच नाहीस."

ग्लेनिसला हसू आलं, पण तिने डोळे मिटले. सत्तर सेकंद मिळायचे एका गाडीला. तिचे हात हवेत आपोआप चालू लागले. उजव्या हाताने वायरींचा जुडगा उचलायचा, भोकातून ओढायचा, क्लिप, क्लिप, क्लिप. मग अर्थिंगची तार. उजव्या हातात बोल्ट, आणि डाव्या हाताने...

डाव्या हाताने हवेत काहीतरी चिमटीत धरलं, उपटलं आणि कमरेपाशी टाकलं.

ग्लेनिसने डोळे उघडले आणि आपल्या डाव्या हाताकडे बघत राहिली.

"टोप्या," ती म्हणाली.

"कसल्या टोप्या?" डेसने विचारलं.

"रबराच्या. काळ्या. अर्थिंगच्या प्रत्येक जागेवर टोपी असायची, ती मी उपटून बादलीत टाकायचे. खाली कोरा पत्रा निघायचा. त्यावर मी तार कसायचे." ती उठून उभी राहिली. "साल! टोप्या कोण लावायचं?"

सालच्या हातातला बन तोंडापाशीच थांबला. "फे ॲश्टन. माझ्या आधीच्या ठाण्यावर. माझ्यापुढे गाडी यायची ती टोप्या लागूनच यायची. मला काय, मी दिसेल ते रंगवायचो."

"आणि इथे फे नव्हती."

"इथे फे नव्हती," साल म्हणाला, आणि त्याचा चेहरा उतरला. "अरे देवा. मी सगळंच रंगवलं!"

घोळ एवढाच होता. वीज आत जाते तशी तिला पत्र्यातून बॅटरीकडे परतही जावं लागतं, आणि परतीच्या प्रत्येक वाटेवर सालने चार हात सुरेख नारिंगी रंग चढवून ठेवला होता. त्यावर ग्लेनिसने पाचही तारा इमानेइतबारे घट्ट कसल्या होत्या. सेल्फची जाड तार तेवढी बॅटरीपासून थेट इंजिनला होती, म्हणून तो फिरत होता. मीटर लावताना तिने त्याचं दुसरं टोक थेट बॅटरीला टेकवलं, त्यामुळे सगळं ठीकच दिसलं. जुन्या इंजिनाने इतके नखरे केले नसते, पण कॉम्प्युटरला परतीची वाट स्वच्छ लागते. दोघेही आपापल्या कामात पटाईत, आणि दोघांच्याही आधीची बाई दोघेही विसरले होते.

"किती वाजले?"

"अकरा चाळीस," डेस म्हणाला.

ग्लेनिसने पाना घेतला आणि पहिला बोल्ट सोडवला. खरवडायला लोखंडी पट्टी उचलली, तोच सालने ती तिच्या हातातून काढून घेतली.

"माझ्या रंगाला मीच हात लावणार. दुसऱ्या कोणी लावला तर मला बघवणार नाही." आणि माल्टातल्या कुठल्यातरी संताचं नाव घेऊन म्हाताऱ्याने स्वतःच्या आरशासारख्या रंगावर पट्टी ओढली. कर्रर्र! "फे ॲश्टनला आज फोन करून शिव्या देतो."

"आभार मान तिचे."

"दोन्ही करतो."

मग तिघांची नुसती झुंबड उडाली. ग्लेनिस बोल्ट सोडवत होती, साल कळवळत खरवडत होता, डेस बॅटरी धरून उभा होता आणि दर मिनिटाला वेळ सांगत होता, बस उशिरा सुटल्यावर सांगायचा तशी. कॉम्प्युटरच्या दोन तारा, पुढच्या दिव्यांची एक, इंजिनची एक. पाचवी डिकीत, पंपाची, आणि तिथे पोचायला चौसष्ट वर्षांच्या ग्लेनिसला डिकीत अर्धं आडवं व्हावं लागलं. प्रत्येक जागी नाण्याएवढा कोरा पत्रा चमकला की ती तार कसायची आणि पुढे जायची.

"अकरा त्रेपन्न."

"ग्लेनिस," बाहेरून ब्रेंटनचा आवाज आला, "सामान आवरायला लागायचं का? म्हणजे आपलं, मदत हवी असेल तर."

"तू मुंग्या आवर!" साल गरजला.

ग्लेनिस गाडीत बसली आणि तिने किल्ली अर्धी फिरवली. मागून एक बारीक गुणगुण आली. पंप! दिवे लख्ख झाले. तिने डेसकडे बघितलं आणि किल्ली पूर्ण फिरवली.

सेल्फ एक फेरा फिरला, दुसरा फिरता फिरता आठही सिलिंडर एकदम पेटले.

असा दणका झाला की पत्र्याचं छत थरथरलं, फळीवरचे डबे खडखडले, शेजारच्या ड्यूकेसांचा कुत्रा कुंपणापलीकडे बोंबलत सुटला. आणि मग इंजिन शांत, खोल, एका लयीत चालू लागलं. सालने टोपी काढून छताकडे भिरकावली. डेस दोन्ही हात डोक्यावर ठेवून "ग्लेन! ग्लेन!" एवढंच म्हणत होता.

"काय बघतेयस?" साल ओरडला. "सात मिनिटं आहेत! काढ बाहेर!"

ग्लेनिस स्टिअरिंगवर हात ठेवून बसून होती. सव्वीस वर्षांत लाखो गाड्या तिच्या हातांखालून गेल्या. सत्तर सेकंद तिच्या, आणि गेली पुढे. कारखान्यातल्या सरकत्या पट्ट्याच्या शेवटी पांढऱ्या कोटातला कोणीतरी बसायचा, किल्ली फिरवायचा आणि गाडी उजेडात घेऊन जायचा. ती जागा ग्लेनिसच्या ठाण्यावरून दिसायचीसुद्धा नाही. अख्खी गाडी तिने आज पहिल्यांदा केली होती, आणि बाहेर न्यायला पांढऱ्या कोटातलं कोणी येणार नव्हतं.

तिने गिअर टाकला.

नारिंगी मोनारो उन्हात आली तेव्हा लिंबाखालची खुर्ची रिकामी होती. ब्रेंटन उभा होता, तोंड उघडं. फाटकात ट्रेलर आडवा. ग्लेनिसने काच खाली केली.

"ब्रेंटन, ट्रेलर काढ. मला बाहेर जायचंय."

"ऐक ना, ग्लेनिस, एकदा विचार..."

"पाच मिनिटं राहिलीत, आणि वाट तू अडवलीयस. फाटकाबाहेर असं ठरलंय. काढ!"

नऊ गाड्यांचा धनी, पण ट्रेलर मागे घेणं त्याला धड जमत नव्हतं. तो डावीकडे वळवायला जाई, ट्रेलर उजवीकडे जाई. ड्यूकेसांच्या घरातले सगळे कुंपणावर लोंबकळले. समोरच्या घरातली माणसं बन खात बाहेर आली. साल रस्त्याच्या मध्ये उभा राहून हात हलवत होता, "डावीकडे! अरे, दुसरं डावीकडे!" आणि मोनारो तिथेच उभी राहून संथपणे गुरगुरत होती. तिसऱ्या खेपेला ट्रेलर सरळ झाला. ब्रेंटन घामाघूम होऊन खाली उतरला, मोनारोच्या नाकाशी आला आणि इंजिनाचा आवाज ऐकत क्षणभर थांबला.

"चांगलं वाजतंय," तो खालच्या आवाजात म्हणाला, आणि ते त्याला मनापासून म्हणावं लागलं होतं.

पलीकडचं दार उघडलं आणि डेस आत येऊन बसला. पायांत घरातल्या सपाता, हातात अर्धा बन.

"मी चुकलो, ग्लेन," तो म्हणाला. "झाली तुझी गाडी."

"तू त्या रात्री डिवचलं नसतंस, तर मी अजून दहा वर्षं तिथे बसले असते. मला ती संपवायची भीती वाटत होती रे. संपली की मग उद्या सकाळी सहाला मी काय करू?"

डेसने थोडा विचार केला. "नाश्ता," तो म्हणाला. "माझ्याबरोबर."

अकरा वाजून अठ्ठावन्न मिनिटांनी मोनारोची चारही चाकं फाटकाबाहेर पडली. साल टाळ्या वाजवत मागे धावला, दहा पावलांत दमला आणि समोरच्यांच्या पायरीवर बसून त्यांचाच बन खाऊ लागला. ग्लेनिस कोपऱ्यावर थांबली, डावी-उजवीकडे बघितलं, आणि समुद्राच्या रस्त्याला वळून पहिल्यांदाच पाय थोडा जोरात दाबला. डेसच्या हातातला बन मागच्या सीटवर जाऊन पडला. ती इतक्या मोठ्यांदा हसली की इंजिनाच्या आवाजातही त्याला ते ऐकू आलं, आणि सहा वर्षांनी ऐकत होता म्हणून तोही हसायला लागला.