शिवणीवरचा काप

मास्तरीण आयुष्यात कधी शाळेत शिकवायला गेली नव्हती. तिचा नवरा शिंपी. त्याला सगळी गल्ली टेलरमास्तर म्हणायची, आणि त्याच्या शेजारच्या मशीनवर ही चाळीस वर्षं बसली, म्हणून ही मास्तरीण. मग मास्तर गेले आणि मागोमाग दुकान गेलं, कारण फाटलेलं शिवून घ्यायचं असतं हेच लोक विसरले. नाव तेवढं राहिलं. आणि जिने उभ्या जन्मात एक चिंधी वाया घालवली नव्हती, ती बाई आता रोज सकाळी आठ ते चार कोरे करकरीत कपडे कापायची नोकरी करत होती.

हे वाचून कुणाला खोटं वाटेल, म्हणून नीट सांगते. कंपनी घरपोच कपडे विकायची. लोक घरबसल्या तीन कोट मागवायचे, आरशासमोर मिरवायचे, एक ठेवायचे आणि दोन परत पाठवायचे. परत आलेला कोट तपासा, घडी घाला, पुन्हा मांडा, एवढी उस्तवार कोण करणार? त्यापेक्षा टाकून दिलेला बरा, असं वरच्या मजल्यावर ठरलं. पण नुसता टाकला तर कुणीतरी उचलून अंगात घालील, आणि ज्याला फुकट मिळाला तो विकत कशाला घेईल? म्हणून टाकायच्या आधी निकामी करायचा. गोदामाच्या तळघरात एक लांब टेबल होतं, भिंतीवर कोटाचं चित्र आणि चित्रावर तीन लाल रेघा. एक पाठीवर, एक बाहीवर, एक पुढच्या बाजूला. रेघ बघायची, कटर चालवायचा, कोट पेटीत टाकायचा. पेटी भरली की मागच्या दाराने गल्लीत ठेवायची. संध्याकाळी कचऱ्याची गाडी यायची.

पहिल्या दिवशी मास्तरीण घरी गेली ती न जेवताच झोपली. दुसऱ्या दिवशी पुन्हा कामावर आली, कारण यावंच लागत होतं.

तिच्या दोन खोल्या होत्या, भाड्याच्या, पण तिच्या. तिथल्या खुर्चीला तिसऱ्यांदा नवी बैठक विणली होती. किटलीच्या झाकणाची मूठ तुटली तेव्हा तिने लाकडाची कोरून बसवली होती. खिडकीत गोड्या तेलाच्या रिकाम्या डब्यांत मिरच्या आणि पालेभाजी. साबणाच्या चिपा जमवून ती त्यांचा नवा साबण करायची. चादर विरली की तिचे उशांचे अभ्रे, अभ्रे विरले की पायपुसणं. मशीन खिडकीशी, रोज तेल दिलेलं. तिला कशाची कमी नव्हती आणि कुणाचं काही देणं नव्हतं. हेच तिच्या मुलाला बघवत नव्हतं.

मुलगा वाईट नव्हता. उंच इमारतीत राहायचा, दर दोन वर्षांनी सोफा बदलायचा, आणि आई चिपांचा साबण वापरते हे बायकोच्या मैत्रिणींना कळू नये म्हणून जपायचा. "आई, तू माझ्याकडेच राहायला ये. सगळं नवं आहे. काही आणायची गरज नाही," तो म्हणायचा. काही आणायचं नाही म्हणजे मशीनही आणायचं नाही, हे ती समजून होती. शेवटी दोघांचं ठरलं. सहा महिने तिने ही नोकरी करून बघायची. कायम केलं तर खोल्यांचं भाडं तिचं ती देईल आणि मुलगा पुन्हा विषय काढणार नाही. नाही केलं, तर मुकाट्याने त्याच्याकडे जायचं. सहा महिने शनिवारी पुरे होत होते. मी सांगतेय तो दिवस गुरुवार.

त्या दिवशी साहेब स्वतः तळघरात उतरले. साहेब म्हणजे मास्तरिणीच्या मुलाहून लहान पोरगा, गळ्यात ओळखपत्र, हातात सतत फोन. सगळ्या बायकांना मावशी म्हणायचा. हा माझा भाचा कधी झाला, असं मास्तरिणीच्या रोज मनात यायचं, पण ती बोलायची नाही. टेबलावर तिच्याशिवाय आणखी एकच बाई होती, चष्मेवाली. तिच्या नवऱ्याचे दोन्ही गुडघे गेले होते, त्यामुळे ती कधीच वर तोंड करून बोलायची नाही.

"मावशी, इथून माल चोरीला जातोय," साहेब म्हणाले. "मागच्या दाराचा माणूस सामील असणार. आज त्याला घरी पाठवतोय." त्यांनी फोन पुढे केला. रस्त्यावरचा फोटो होता. सात-आठ वर्षांची मुलगी, अंगात कंपनीचा निळा कोट. "एका गिऱ्हाईकाने तक्रार केली. म्हणाली, जो कोट मी एवढे पैसे मोजून घेतला, तो फूटपाथवरच्या पोरीच्या अंगात कसा?"

मास्तरिणीने फोन हातात घेतला आणि डोळ्यांजवळ धरला. आता शहाण्या बाईने काय करावं? अगं बाई, चोरी झाली, म्हणून कपाळाला हात लावावा आणि गप्प बसावं. पण तिने चाळीस वर्षं दुसऱ्याच्या शिवणीत चुका काढल्या होत्या.

"चोरी कसली साहेब," ती म्हणाली. "हा कापलेला कोट आहे, पुन्हा शिवलाय. बघा ना, दुसऱ्याच कोटाची डावी बाही उजव्या मुंढ्याला लावलीये. बाहीचा पुढचा भाग खोल कापलेला असतो, मागचा उथळ. उलट लावली की काखेत अशा चुण्या पडतात. शिवणारीला माहीत नसणार. पण टीप बरी घातलीये हं, हाताची असून."

बोलताना तिचा चेहरा खुलला होता, कारण गेल्या सहा महिन्यांत तिला एवढी चांगली बातमी कुणी दिली नव्हती. मागच्या गल्लीतल्या बायका पेट्या उपसतात हे तिला ठाऊक होतं. फरशी पुसायला चिंध्या नेत असतील, असं ती धरून चालली होती. त्यातून कोट उभा राहतो, पोर तो घालून फिरते, हे ती आज पहिल्यांदा बघत होती. या आनंदात आपण काय बोलून बसलो हे तिच्या ध्यानातच आलं नाही. चष्मेवालीच्या आलं होतं. तिने कटर खाली ठेवला.

"कापलेला कोट शिवता कसा येईल?" साहेबांनी विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता पेटीत हात घातला.

त्यांनी आधी चष्मेवालीचा कोट काढला. पाठ फाडलेली, बाही आडवी चिरलेली, भिंतीवरच्या चित्रातल्यासारखी. मग मास्तरिणीचा काढला. तुकडे टेबलावर मांडले तसे ते एकमेकांना बिनचूक लागले. पाठ मधल्या शिवणीवर उघडलेली, बाही मुंढ्याच्या शिवणीवर सुटलेली, पुढचा भाग कुशीच्या शिवणीवर. कापडाला कुठे ओरखडा नव्हता. तिने सहा महिने कोट कापलेच नव्हते, उसवले होते.

खरं सांगायचं तर हे तिने मुद्दाम ठरवून केलं असंही म्हणता येणार नाही. कटर कापडावर टेकवला की तिचा हात आपोआप शिवण शोधायचा. पहिल्या आठवड्यात ते तिच्या लक्षात आलं, आणि तिने हाताला आवरलं नाही, एवढाच तिचा गुन्हा. आता मात्र तिला स्वतःचा संताप आला. दुसऱ्याची बाही उलटी लागली तर तुझं काय जात होतं, भवाने? तुझ्या जिभेला कुणी विचारलं होतं?

साहेब चिडले नाहीत, तेच वाईट झालं. ते हसले. "मावशी, तुम्ही जुन्या वळणाच्या. समजू शकतो मी." त्यांनी कोपऱ्यातले खोके टेबलाशी ओढले. लहान मुलांचे पिवळे कोट, दोनशे. परत आलेलेसुद्धा नव्हते. या वर्षी पिवळा चालत नाही म्हणून दुकानात न लावताच खाली पाठवलेले. "हे आज संपवायचे. शिवणीवर नाही, आडवे. तीन नाही, पाच काप. मी इथेच उभा राहतो. शनिवारी तुमचा कागद माझ्याकडे सहीला येणार आहे. झालं ते मी विसरलो, तुम्ही फक्त कापा."

मास्तरिणीच्या डोळ्यांपुढे आधी खोल्या आल्या. खिडकीतलं मशीन आलं. मुलाच्या घरातला तो पांढराशुभ्र सोफा आला, ज्यावर बसताना सून आधी तिच्या कपड्यांकडे बघते. तिने पहिला कोट ओढला, पालथा घातला, आणि पाठीवर मधोमध आडवा कटर चालवला.

हाताने ऐकलं. तिला वाटलं होतं ऐकणार नाही, पण त्याने निमूट ऐकलं. कापड चरचरत दोन्हीकडे फाकलं, आतलं अस्तर बाहेर आलं. तिने बाही चिरली, दुसरी चिरली, पुढे दोन काप दिले. पाच झाले. कोट रिकाम्या पेटीत पडला. साहेब म्हणाले, "शाबास."

या शब्दाने तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. शाबास तिला तिच्या सासऱ्याने म्हटलं होतं, पहिलं काज नीट जमलं तेव्हा. शाबास तिने स्वतः किती पोरींना म्हटलं होतं. आणि हा कालचा पोरगा कापड नासल्याबद्दल तिला शाबास म्हणत होता.

दुसरा कोट तिच्या हातात होता. तिने कॉलर उलटी केली. आत कोट टांगायची नाडी होती, हाताने पक्की केलेली, चार घट्ट टाके. लांब कुठेतरी एका बाईने मान मोडून घातलेले. पोराने खुंटीवरून ओढला तरी तुटू नये म्हणून.

तिने कटर टेबलावर ठेवला. "मला नाही जमणार."

"मावशी, एक कापलात की आत्ता."

"तो कापला, तेवढं पाप पुरे. साहेब, थंडी बघताय ना बाहेर? ही भिंत ओलांडली की पोरं काकडतायत, आणि तुम्ही मला उभं राहून कोट फाडायला लावता. पिवळा चालत नाही म्हणे. कुणाला चालत नाही? थंडीला रंग कळतो का? ज्या बाईने ही नाडी शिवली, तिला सांगा जाऊन की तुझं काम आम्ही कोरं असताना फाडतो. आहे हिंमत? चोर शोधायला आलात ना तुम्ही? मागच्या दारावरच्या माणसाला कशाला घरी पाठवता, वरच्या मजल्यावर जाऊन शोधा."

साहेबांचं हसू मावळलं. "तुम्ही नाही कापलेत तर हे कोट वाचतील असं वाटतं तुम्हाला?" असं म्हणून ते चष्मेवालीकडे वळले. "तुम्ही घ्या."

चष्मेवालीने मास्तरिणीकडे बघितलं नाही. खोक्यातून कोट घेतला, पालथा घातला आणि आडवा कटर ओढला. मग दुसरा. तिचा हात जलद होता. मास्तरीण तिच्यावर रागावू बघत होती, पण गुडघे गेलेला नवरा आठवला आणि तिथला राग तिला गिळावा लागला. बाकीचा काही गिळता येईना. ओळखपत्र टेबलावर टाकून ती जिना चढून गेली. मागून चरचर चालूच होती.

घरी जायचा रस्ता उजवीकडे होता. ती डावीकडे वळली आणि गोदामाला वळसा घालून मागच्या गल्लीत आली. रिकाम्या पेट्यांपाशी तीन-चार बायका दबा धरून बसल्या होत्या. त्यांच्यातल्या एकीजवळ निळ्या कोटातली ती मुलगी होती. काखेत चुण्या पडल्याच होत्या.

"हा कुणी शिवला?" मास्तरिणीने विचारलं. इतकी तोडून बोलली की बाईने मुलीला मागे ओढलं.

"मी. टाकलेलाच घेतला, ताई. आम्ही काही चोरलं नाही."

"मी कुठे म्हणते चोरलं?" मास्तरिणीने दम घेतला. "आत कापत होते ती मी. आता मी नाही. आणि चूक माझीच झाली, मीच तोंड उघडलं. यापुढे माल शिवणीवर सुटलेला येणार नाही. आडवा फाडून येईल, पाच-पाच ठिकाणी."

बाईने मुलीच्या कोटाची बटणं लावली. मग म्हणाली, "गप्प बसायचं होतं ना, ताई. धाकट्याचा राहिलाय अजून."

मास्तरिणीला कुणीतरी चार शिव्या दिल्या असत्या तर सोसल्या असत्या. हे सोसवेना.

"आज पिवळे येतील, लहान मुलांचे. दोनशे," ती शेवटी म्हणाली. "एकूण एक तुकडा उचला. एकाचे तुकडे दुसऱ्यात मिसळू देऊ नका, कोटागणिक वेगळं बांधा. आणि माझ्याकडे आणा." तिने पत्ता सांगितला, दोनदा, खुणांसकट. "आडवं फाटलेलं पण जोडता येतं. आतून पट्टी घालावी लागते, वेळ जातो. देखणं होणार नाही, पण वारा आत येणार नाही."

"दोनशे? शिवणार कोण एवढे?"

"मी. आणि तू, आधी बाही कुठली कुठे लावायची ते शीक. महिनाअखेरपर्यंत खोल्या माझ्या आहेत. मग मुलगा घेऊन जाईल मला, त्याच्याकडे मशीनला जागा नाही. आजपासून किती दिवस राहिले?"

बाईने बोटांवर मोजलं. "एकोणीस."

तेवढ्यात मागचं दार उघडलं आणि पहिली पेटी बाहेर आली, पिवळ्या चिंध्यांनी काठोकाठ भरलेली. मास्तरिणीने बाह्या सारल्या आणि खांद्यापर्यंत हात आत घातला. अगदी तळाशी तिने स्वतः फाडलेला कोट होता. तिने तोच आधी ओढून काढला.