स्टुलाचा आखूड पाय

स्टुलाच्या आखूड पायाखालचा पुठ्ठा पुन्हा चेपला होता. नवा दुमडताना तिला ते साल आठवलं, एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर — ती शल्यविभागात शिकत होती आणि वॉर्डात डॉक्टरांनी बसायचं नाही, असा रिवाज होता. पलंगाच्या पायथ्याशी उभं राहायचं, कागद वाचायचा, पुढं सरकायचं...

त्या वॉर्डातल्या एका शिंपीणबाईंच्या स्तनातली गाठ कर्करोगाची निघाली, तेव्हा त्यांच्या यजमानांनी — घड्याळं दुरुस्त करायचे ते — तिला जिन्यात गाठलं. हिला सांगू नका, साधी गाठ म्हणा. तिनं शब्द दिला. त्याच दुपारी बाईंनी तिचं मनगट धरलं. मला कळलंय सगळं, पण ह्यांना काही माहीत नाही, कळलं तर मोडून पडतील. तिथंही शब्द दिला — केवढी समजूतदार मी! मग सहीचा कागद आला. एवढ्या मोठ्या शस्त्रक्रियेला हो म्हटलं तर ह्यांना कळणार, म्हणून बाई सही करेनात. साध्या गाठीसाठी आग्रह कसा धरायचा, म्हणून यजमान गप्प. असे चार दिवस गेले. गाठ थोडीच थांबणार होती?

पाचव्या दिवशी तिनं नर्सबाईंच्या टेबलाजवळचं हे स्टूल ओढत आणलं, दोघांच्या मधे ठेवलं आणि बसली. स्टूल डुगडुगलं. अख्खा वॉर्ड बघत होता. मी — हो, मीच — दोन्ही पाय जमिनीवर रोवले.

"तुम्ही दोघं एकमेकांपासून एकच गोष्ट लपवताय," मी म्हणाले.

बाई यजमानांकडे वळून म्हणाल्या, "म्हणजे रोज विनोद सांगत होतात, ते यासाठी? तरीच. तीस वर्षांत एक सांगितला नव्हता."

"तू हसत होतीस की."

"तुम्हाला बरं वाटावं म्हणून."

मग यजमानांनीच खिशातलं पेन काढून पुढं केलं... बाईंनी सही केली.

विभागाच्या बड्या सरांनी तिला विचारलं, सर्जन व्हायचंय की गप्पा मारायच्यात? उत्तर द्यायला तिला वर्ष लागलं. गप्पा. पुढं सगळं आयुष्य रुग्णांजवळ बसून बोलण्यातच गेलं, बरीचशी वर्षं याच स्टुलावर.

बाई अकरा वर्षं जगल्या, शिवत राहिल्या. त्यांच्यामागं यजमान दर गुरुवारी वॉर्डात येऊन कुणा घाबरलेल्या नवऱ्याजवळ बसायचे. सर स्वतः आजारी पडले, तेव्हा तिला म्हणाले, "बस जरा." नर्सबाईंनी निवृत्त होताना स्टूल तिच्या घरी धाडलं.

आणि ती? दोघांना दिलेला शब्द एका वाक्यात मोडला, हे तिला वर्षानुवर्षं टोचत आलं. बरोबर होतं का... अजून सांगता येत नाही. पण आज पुठ्ठा तिनं बाजूला ठेवला आणि तशीच बसली. स्टूल डुगडुगलं. डुगडुगू दे, तिला वाटलं — बसता तर येतंय.