माझ्या पोटातले किडे

मित्रांनो, मी एक जुना भोपळा आहे आणि माझ्या पोटाला अजून साबणाचा वास येतो. म्हणजे तो इतरांना येत नाही, मलाच येतो. तुम्ही म्हणाल, साबणाचा वास तर चांगला की! चांगला कसला डोंबलाचा? तो वास आला की मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. का, ते सांगतो.

मी जातीनेही दुधी आणि कामानेही दुधीच. इतेन गावाच्या बाजूला, जिथे डोंगर एकदम दरीत उतरतो, तिथे ताप्रांदिच आजीच्या कुंपणावर मी वाढलो. तिने मला तोडलं, वाळवलं, बिया काढल्या आणि कडूपणा जाईपर्यंत पोटात पाणी भरून ठेवलं. तोंडाला कातड्याचं टोपण शिवलं, मानेभोवती मणी ओवले. मग सेनेत्वेतच्या झाडाची पेटती काठी माझ्या आत फिरवली. आई गं, काय पोळलं होतं! पण तो कोळसा आतून चोळून बसवल्याशिवाय आमच्याकडे कोणी भोपळ्याला भोपळा म्हणत नाही.

त्यानंतर माझं काम सुरू झालं. तापवून गार केलेलं दूध माझ्यात ओतायचं, टोपण लावायचं आणि मला कोपऱ्यात उभं करायचं. थोड्या दिवसांनी घट्ट, आंबट, राखाडी झाक असलेलं मुर्सिक तयार. वेगळं विरजण आजीला कधी लागलं नाही, ते माझ्या अंगातच मुरलेलं होतं. धुवायचं तेही नुसत्या गार पाण्याने. गावातली पोरगी शर्यत जिंकून आली की पहिला घोट माझ्यातला, आणि मुलीला मागणी घालायला पाहुणे आले की आधी मला बाहेर काढत. मी फार मिजाशीत होतो.

शेजारच्या कोबिलोच्या लेकीचं लग्न होतं, तेव्हा कोबिलोच्या नव्या भोपळ्यात दूध काही केल्या विरजेना. आजीने माझ्यातलं डावभर मुर्सिक तिच्या भोपळ्यात ओतलं आणि वेळ निभावली. पुढे कोबिलोची गाय आजीच्या मक्यात शिरली आणि दोघींचं बोलणं बंद झालं. म्हणजे बोलत होत्या, पण आपापल्या कोंबड्यांकडे बघून.

मग आजीची नात जेमेली एल्डोरेट शहरात डॉक्टरकी करायला लागली. औषधाची डॉक्टर नव्हे, संशोधनाची. जगाच्या सुरुवातीला सगळे जीव एकेका पेशीचे, एकटेदुकटे होते. ते एकत्र राहायला कसे शिकले, आणि एकत्र राहता राहता त्यांचं एकच शरीर कसं झालं, हा तिचा विषय. त्यासाठी तिला समुद्रबिमुद्र लागला नाही. तिने माझ्या तळातलं चिमूटभर घेतलं, भिंगाखाली धरलं आणि ओरडलीच. माझ्यातलं यीस्ट आणि जिवाणू एकमेकांना धरून बसले होते. एकाचं उष्टं दुसऱ्याचं जेवण. त्यांचे बारीक गोळे व्हायचे, गोळा मोठा झाला की मधल्या काही पेशी मरायच्या, गोळा दुभंगायचा आणि एकाचे दोन व्हायचे. मधल्या पेशी मरायच्या म्हणून बाकीच्यांचं घर वाढायचं. हे ऐकून माझा ऊर भरून आला होता.

अडचण एकच होती. काचेच्या नळीत ते गोळे फार टिकत नसत, विस्कटून जात. मग जेमेली पुन्हा गावी यायची, माझ्यातून पुन्हा चिमूटभर न्यायची. तिची सगळी मेहनत माझ्या पोटावर उभी होती, आणि हे घरात एकट्या आजीला सोडून सगळ्यांना माहीत होतं.

शेवटचा प्रयोग राहिला होता. त्याआधी जेमेलीचे सर मला बघायला घरी येणार असं ठरलं. जेमेली शहराची गाडी पकडायच्या घाईत होती. आजीने विचारलं, "अगं, एवढी शिकलेली माणसं माझ्या भोपळ्यात काय बघणार?"

जेमेली बुटाची नाडी बांधत म्हणाली, "किडे, आजी. तुझ्या भोपळ्यात किडे आहेत. फार महत्त्वाचे किडे!"

आमच्याकडे जंतूलाही किडाच म्हणतात, झुरळालाही आणि अळीलाही. जेमेलीच्या मनात एक होतं, आजीच्या कानात दुसरंच गेलं. कुंपणापलीकडे कोबिलो होती. ती कोंबड्यांना म्हणाली, "ऐकलंत का गं बायांनो? ताप्रांदिचच्या भोपळ्यात किडे पडले! बघायला शहरातून माणसं येणार म्हणे!"

झालं. आजीने गार पाण्याचा नियम बाजूला ठेवला आणि चूल पेटवली. उकळतं पाणी, साबणाचा भुगा, पुन्हा उकळतं पाणी. हात लाल होईपर्यंत ती मला घासत होती आणि पुटपुटत होती, "माझ्या नातीला खाली मान घालायला लावतोस काय रे?" मला ओरडायचं होतं. मला तोंड आहे, पण जीभ नाही. आणि खरं सांगू? तिने मणी पुसले, पाठीला तूप चोळलं, मी असा चकाकायला लागलो की आत काय चाललंय याकडे माझं लक्षच राहिलं नाही.

सर आले. आजीने मला दोन्ही हातांनी त्यांच्यापुढे धरलं. जेमेलीने टोपण काढलं आणि नाक आत घातलं.

"आजी, हा कसला वास?"

"साबणाचा! एक किडा शिल्लक ठेवला नाही मी. बघू दे कुणालाही."

जेमेलीने टोपण पुन्हा लावलं. सर भले गृहस्थ. त्यांनी चहा घेतला, चहाची तारीफ केली आणि गेले. मग जेमेलीने आजीला सगळं सांगितलं आणि सांगता सांगता रडली. "तुझी चूक नाही गं आजी. इतकी वर्षं मी तुझं दूध उचलून नेलं आणि ते कशाला, हे तुला एकदा धड बसून सांगितलं नाही. हे माझंच पाप."

"गप बस," आजी म्हणाली. "साबण काय तू लावलास?"

आजीने जेवण सोडलं. मक्याच्या पिठाची उगाली पुढे ठेवली की ताट सरकवून द्यायची. माझ्यात नवं दूध ओतून पाहिलं, ते नासलं, किडक्या फळासारखा वास मारायला लागलं. जेमेलीच्या हाती भोपळा आला, तोही रिकामा.

मग एक दिवस आजी उठली, मला काखोटीला मारलं आणि उंबराच्या झाडाखाली गेली. तिथे आमचं कोकवेत बसतं. वाडीतली सगळी घरं मिळून एक कोकवेत. कुणाचं कुंपण पडलं, कुणाची गाय अडली, ते सगळ्यांनी मिळून बघायचं. आजी मधोमध उभी राहिली. "मी माझा दुधाचा भोपळा साबणाने धुतला," ती म्हणाली. आमच्याकडे बाई हे बोलत नाही, त्यापेक्षा चोरी केली म्हणेल.

"कोबिलो," आजी म्हणाली. कित्येक दिवसांत पहिल्यांदा तिने तिचं नाव घेतलं. "तुझ्या लेकीच्या लग्नात मी डावभर दिलं होतं. ते तुझ्या भोपळ्यात अजून जिवंत असलं तर मला डावभर दे."

कोबिलो कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आणि माझी गाय?"

"गाय गुणी होती. मका वाईट होता."

सगळी वाडी हसली. कोबिलो हसली नाही. घरात गेली, आपला भोपळा घेऊन आली आणि माझ्यात ओतताना हळूच म्हणाली, "किडे पडले म्हणून मी ओरडले नसते तर तू साबणाला हात लावला नसतास. मनाला खात होतं गं माझ्या."

माझ्यात पुन्हा जीव आला. लगेच नाही. पहिलं दूध फसलं, दुसरं बरं लागलं, आणि पुढे कधीतरी जेमेलीने भिंगातून बघितलं आणि आजीला जवळ बोलावून भिंगाला डोळा लावायला सांगितलं. गोळे पूर्वीपेक्षा लहान होते, पण एकमेकांना धरून होते.

"हेच ते किडे?" आजी म्हणाली.

"किडे नाहीत, आजी. चुकला माझा शब्द. हे कोकवेत आहे."

"असं आधी सांगायचं ना गं पोरी!" आजी म्हणाली, आणि डोळे पुसायला लागली.

प्रयोग पुन्हा पहिल्यापासून करावा लागला. जेमेलीच्या डॉक्टरकीच्या तोंडी परीक्षेच्या दिवशी मी टेबलावर होतो, आजी आणि कोबिलो मागच्या बाकावर. एका परीक्षकांनी विचारलं, ही जंतूंची वस्ती मधेच बदललेली का दिसते? जेमेलीने सांगितलं, "पहिली मेली. मी मारली." आणि आजीला कळावं म्हणून तिने तेच आमच्या बोलीत पुन्हा सांगितलं.

आजी ताडकन उभी राहिली. "खोटं बोलते ही! साबण मी लावला!"

"आजी, खाली बस."

"नाही बसत. शब्द तुझा चुकला, हात माझा चुकला. अर्धं अर्धं घे."

"आणि ओरडलं कोण?" कोबिलोही उठली. "मलाही द्या थोडं."

परीक्षकांना काही कळलं नाही. जेमेली मात्र हसत होती आणि रडतही होती. तिने मागे जाऊन आजीचा हात धरला, आणि परीक्षकांनी तिला डॉक्टर म्हटलं तरी तो सोडला नाही.

माझ्या वाट्याचं मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं, की पोटातली अख्खी वस्ती मरत होती आणि मी माझे मणी बघत होतो. ते ओझं ठेवायला मला दुसरी जागा नाही, म्हणून तुमच्याजवळ ठेवतो. मित्रांनो, घरातलं काही उचलून न्याल तर ते कशासाठी, हे घरातल्या म्हातारीला तिच्या शब्दांत सांगून जा. आणि कुणाचा भोपळा धुवायला घ्याल, तर आत कोण राहतं ते आधी विचारा.