डाव्या हाताची गाठ

मी एक जुनी किटबॅग आहे. जाड कॅनव्हासची, लांबोळकी, उभी केली तर तुमच्या कमरेच्या वर येईन एवढी. आडवी पडले की लोक मला लोड समजतात. समजू देत. लोडाने कधी समुद्र पाहिलाय का?

मित्रांनो, माझा जन्म नौदलाच्या शिवणखात्यात झाला. दुहेरी टाके, तोंडाभोवती आठ पितळी कड्या आणि त्यांतून ओवलेली बोटाएवढी जाड दोरी. शिवणाऱ्या कारागिराने मला चारी बाजूंनी ओढून पाहिलं आणि म्हणाला, "ही काही माणसाच्या आधी मरायची नाही." त्याचं बोलणं खरं झालं. पण त्यात दुःख काय आहे ते मला तेव्हा कळलं नव्हतं.

मला ज्याच्या हवाली केलं, तो जेमतेम मिसरूड फुटलेला पोरगा होता. त्याने माझ्या कुशीवर काळ्या रंगाने आपला नंबर रंगवला. जहाजावर कपाट नसतं, कोनाडा नसतो. माणसाचं सगळं घर माझ्या पोटात. तो कपड्यांच्या घड्या करायचा नाही, घट्ट वळकट्या करायचा. नंतर लागणारं तळाला, आधी लागणारं वर. एकदा तपासणीला आलेला अधिकारी माझ्यापाशी थांबला आणि म्हणाला, "या रांगेत ही एकटीच ताठ उभी आहे." ते मी अजून विसरले नाही. कौतुक कुणाला नको असतं?

पण माझा खरा दिमाख होता माझ्या तोंडावरच्या गाठीत. त्या गाठीला दोन टोकं असायची. उजवं ओढलं की एका झटक्यात सुटणार, डावं ओढलं की आणखी आवळणार. तो म्हणायचा, "जहाज आडवं झालं तरी सुटता कामा नये आणि ओल्या हातांनी अंधारात सुटली पाहिजे, ती खरी गाठ." त्याच्या जहाजावरच्या सगळ्यांनी ती त्याच्याकडूनच उचलली.

बावीस वर्षं मी त्याच्या खांद्यावर फिरले. मग तो निवृत्त झाला आणि मी कपाटावर चढले. त्याच्या बायकोने माझ्यात काय भरावं? जुने पडदे! ज्या पोटात समुद्राचा वारा भरला होता, त्यात फाटके पडदे. संताप झाला. पण पिशवीच्या संतापाला विचारतो कोण?

माझे दिवस पालटले ते त्याची नात चार वर्षांची झाल्यावर. नात डावखुरी. आजी तिला 'डावरे' म्हणूनच हाक मारायची आणि वर म्हणायची, "अगं, सरळ हाताने कर की!"

"करू दे तिला," आजोबा म्हणायचे. "जहाजाला उजवी बाजू असते तशी डावीही असते. एकच असती तर बुडालं असतं."

"तुम्ही आणि तुमचं जहाज! भाजी चिरायला जहाज येणारेय का?"

आजोबांनी पडदे बाहेर काढले, मला झटकलं आणि नातीला गाठी शिकवायला घेतलं. तिला ते समोर बसवायचे. "आरशात बघतेस ना, तसं माझं बघून कर," म्हणायचे. त्यांचा उजवा, तिचा डावा. एकदाही त्यांनी तिचा हात बदलला नाही.

पुढे एका सकाळी आजोबांचा उजवा हात लुळा पडला. सदऱ्याची बटणं आजी लावायची. लावताना बडबडायची, म्हणजे तिचे डोळे कुणाला दिसायचे नाहीत. एके दुपारी आजोबा माझं तोंड बांधायला बसले. दोरी तीनदा निसटली. त्यांनी मला कोपऱ्यात भिरकावलं. मला लागलं नाही, मित्रांनो. त्यांना लागलं.

नात तेव्हा अकरा वर्षांची होती. तिने मला फरफटत परत आणलं. आजोबा सवयीने तिच्या समोर सरकले.

"समोर नाही आजोबा, शेजारी बसा. आता आपण एका हाताचे झालो."

आणि तिने त्यांना शिकवलं. उजवा हात नुसता वजनासारखा ठेवायचा, डाव्याने ओवायचं. महिनाभर ते चुकत राहिले. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तसा त्यांचा हट्ट.

दीड वर्षानंतर त्यांना दवाखान्यात न्यायचं ठरलं. आदल्या दिवशी त्यांनी मला एकट्याने भरलं, एकट्याने बांधलं आणि आजीला म्हणाले, "ही घरीच राहू दे. आल्यावर उघडू."

ते आले नाहीत.

तीन आठवड्यांनी त्यांच्या जुन्या सोबत्यांनी आठवणींसाठी सभा ठेवली. वेळ दुपारी चारची. आजीने शब्द दिला होता, की टेबलावर त्यांची नौदलाची टोपी ठेवू. घर पालथं घातलं, टोपी मिळेना. म्हणजे ती माझ्यात. एक वाजता आजोबांचे जहाजावरचे एक दोस्त ती न्यायला आले. ते सिग्नल देण्याचं काम करायचे, म्हणून घरात त्यांना सिग्नलवाले म्हणत.

"वहिनी, बाजूला व्हा. ही गाठ मी झोपेतसुद्धा सोडवीन." आणि त्यांनी उजवं टोक जोरात ओढलं. गाठ आवळली. पाय रोवून पुन्हा ओढलं. गाठ दगड झाली.

"मग झोपेतच सोडवायची होती, भावोजी," आजी म्हणाली. "जागेपणी का हात दाखवून अवलक्षण केलंत?"

आजीच्या मुलाने ओढून पाहिलं. मग त्याने स्वयंपाकघरातून सुरी आणली.

"कापू नकोस," आजी म्हणाली.

"आई, दोरीच आहे. दुसरी आणू."

"दोरी मिळेल रे. गाठ बांधणारा कुठून आणशील?"

सुरी खाली ठेवून तो पुन्हा गाठीशी झटू लागला. घड्याळाचा काटा मात्र तीनच्या पुढे गेला. आजी उठली, तोंड फिरवून म्हणाली, "काप. शब्द दिलाय मी."

सुरी दोरीला टेकली. ती गाठ म्हणजे माझ्या अंगावरची आजोबांच्या हातची शेवटची खूण होती. इतक्यात नात शाळेतून आली.

"थांबा! कुठलं टोक ओढलंत?"

"उजवं," सिग्नलवाले म्हणाले. "उभा जन्म तेच ओढतोय."

"पण ही उजव्या हाताची नाहीच. डाव्या हाताने बांधलीय. इथे सगळं उलटं."

दप्तर पाठीवरच ठेवून ती खाली बसली. आधी तिने दोरी उलटी ढकलत ढकलत सैल केली. नख मोडलं, बोट चोखून ती पुन्हा गाठीला भिडली. मग डावं टोक धरून एकच झटका दिला. दोरी माझ्या आठही कड्यांतून सर्रकन धावली.

सगळ्यात वर टोपी होती. आधी लागणारं वर. तिच्याखाली एक लांब दोरी, गाठीच गाठी मारलेली. पहिली गाठ कुत्र्याने चघळल्यासारखी. दुसरी तशीच. मग हळूहळू बऱ्या, आणि शेवटची अशी नेटकी, की जहाजावरच्यांनीही मान डोलवावी. नात शाळेत गेल्यावर आजोबा रोज दुपारी गिरवत होते. आजीने एकेक गाठ चाचपत ती दोरी बोटांतून सरकवली.

टोपी वेळेवर पोचली. सिग्नलवाल्यांनी सभेत स्वतःची फजिती स्वतःच सांगितली.

संध्याकाळी आजी नातीपुढे येऊन बसली. "डावरे, मला शिकव."

"तू उजव्या हाताची. अशीच समोर बस. आरशात बघतेस तसं कर."

त्या दोरीच्या टोकाला थोडी जागा उरली होती. तिथे आजीने गाठ मारली.

"हसू नकोस."

"हसत नाही. आजोबांची पहिली याहून वाकडी होती."

मित्रांनो, आता मी कपाटावर नसते. नातीच्या सहलींना जाते, पोटात वळकट्या घेऊन. तुमच्या घरीही माझ्यासारखं कुणी धूळ खात पडलं असेल. त्याला अधूनमधून ऊन दाखवा, कॅनव्हासला ओल खाते. त्याच्यात पडदे कोंबू नका. आणि त्याच्यावरची गाठ सुटेना, तर सुरी शोधण्याआधी ती कुणी बांधली ते घरात विचारा. सांगणारं माणूस कदाचित शाळेतून यायचं असेल. तेवढं थांबा.

आजीच्या गाठीपुढे अजून वीतभर दोरी शिल्लक आहे. आजी उद्या पुन्हा बसणार आहे.