कापलेले चाळीस सेकंद

मी एक जुने रीळ आहे. मुलांच्या एका चित्रपटाच्या पाच रिळांपैकी चौथे. मित्रांनो, त्या चित्रपटात एक भित्री मुलगी गोष्टींच्या पुस्तकांत शिरते. माझ्या वाट्याला राक्षसाचे घर आले होते.

दर रविवारी सकाळी थिएटरचे ऑपरेटर मला प्रोजेक्टरवर चढवत. त्यांची सात वर्षांची लेक स्टुलावर उभी राहून झरोक्यातून चित्रपट पाही. पडद्यावरची मुलगी राक्षसाच्या दाराशी पोचली, की ही थेट जिन्यात!

"बाबा, तो खाणार तिला!"

"अगं, बघ तरी. पुढे गंमत आहे."

"नको! काढून टाका ना त्याला."

तिसऱ्या रविवारी त्यांनी कात्री घेतली. माझे चाळीस सेकंद, म्हणजे नऊशे साठ चित्रे, कापून पत्र्याच्या डबीत ठेवली. "मोठी झालीस की लावू परत," ते म्हणाले.

खालून प्रेक्षकांतली पोरे ओरडली, "ओ ऑपरेटरकाका, राक्षस तुम्हीच खाल्लात काय?"

लेक खुदकन हसली. मलाही बरे वाटले. त्यानंतर पडद्यावरची मुलगी दाराशी थरथरे आणि पुढच्याच क्षणी बाहेर अंगणात हसत असे. लेक तेच पाहत मोठी झाली.

पुढे थिएटर बंद पडले. मी ऑपरेटरांच्या घरी माळ्यावर गेले. कित्येक उन्हाळ्यांत तापून माझ्या अंगाला व्हिनेगरसारखा वास येऊ लागला. आमच्या जातीच्या फिल्मचा हा आजार आहे.

ऑपरेटर वारल्यावर, परवा लेकीने मला खाली काढले. तिचे केस पिकू लागले होते. तिने डबी उघडली. आत चिठ्ठी होती: 'मोठी झाली की लावणे.'

"मी दवाखान्यात आले होते, बाबा," ती हळूच म्हणाली. "तीनदा. खोलीच्या दारातूनच परत फिरले. तुम्हाला नळ्या लावलेल्या बघायची हिंमतच झाली नाही. नर्स नंतर म्हणाली, तुम्ही सारखे दाराकडे बघत होतात."

तिने तुकडा माझ्याशी जुळवून पाहिला. बंद डबीत तो माझ्याहून जास्त आक्रसला होता. कडेची भोके जुळेनात.

मग तिने तो खिडकीच्या उजेडात धरला आणि एकेक चित्र पाहिले. दार उघडत होते. आत राक्षस एकटाच बसला होता, दाराकडे डोळे लावून. मुलीला पाहून त्याने तिच्यासाठी खुर्ची पुढे सरकवली.

मित्रांनो, आम्हाला थंड, कोरड्या जागी ठेवा. अधूनमधून वारा लागू द्या. आणि तुमच्यासाठी कुणी मायेने काही कापून ठेवले असेल, तर ते वेळेवर मागून घ्या. डबीत आम्ही फार दिवस पुरत नाही.