वजिरापुढचा डगमगता प्यादा

मित्रांनो, मी बुद्धिबळाच्या पटावरचा एक जुना, दमलेला प्यादा आहे. म्हणायला पांढरा, खरा रंग विचाराल तर थंड झालेल्या चहाचा. एका कातारी कारागिराने मला लाकडातून कातून काढलं आणि पायाखाली हिरवी मखमल चिकटवली. तेव्हा काय ऐट होती माझी!

माझी जागा वजिरासमोर. क्लबातल्या जुन्या खेळाडूंची लाडकी सुरुवात म्हणजे मलाच उचलून दोन घरं पुढे ठेवायचं. पहिला मान माझा, म्हणून पहिला मारही माझाच. डाव संपला की पिशवीत कोंबणं ठरलेलं. हळूहळू मखमल गळाली आणि मी डुलायला लागलो.

"लावू की गोंद," क्लबचे सेक्रेटरी म्हणायचे, "पळून का जातोय तो?"

पळून जाणार कुठे? उभं राहतानाच जीव मेटाकुटीला यायचा.

परवाच्या स्पर्धेत शेवटच्या फेरीला माझ्या बाजूने एक शाळकरी मुलगी बसली. "निदान बरोबरी कर गं, तरच संघात जागा आहे," असं तिचा दादा दारापर्यंत बजावत आला होता. समोर निवृत्त पोस्टमास्तर. तिने मला दोन घरं पुढे सरकवलं. त्यांनी आपल्या वजिरापुढचा काळा प्यादा आणून थेट माझ्या नाकासमोर उभा केला. झालं, दोघेही ठाण मांडून बसलो.

खेळ रंगात आला. मी कललेला पाहून तिने मला सहज सरळ केलं. त्याआधी 'नीट करते' असं सांगायचं असतं, ती विसरली.

"हात लागला," पोस्टमास्तर म्हणाले. "आता तोच हलवायचा, बाळ. नियम म्हणजे नियम."

पंच आले. तिचे कान लालबुंद. पटाकडे बघत ती हळूच म्हणाली, "हलवते की, काका. पण कुठे? पुढे तुमचाच प्यादा आहे, आणि तिरकं मारायला कुणीच नाही."

पंचांनी वाकून पाहिलं. "बरोबर आहे. याला चालच नाही. तू दुसरं काहीही हलव."

"म्हणजे मीच वाट अडवून बसलोय होय," पोस्टमास्तर पुटपुटले.

तिने घोडा हलवला आणि शेवटी डाव बरोबरीत सुटला. सगळ्यांनी तिच्या घोड्याचं कौतुक केलं. मी आपला पिशवीत, तळाशी.

मित्रांनो, फार थकलोय, जास्त मागत नाही. डुलणाऱ्याला सावरायला हात जरूर लावा. फक्त डाव सुरू व्हायच्या आधी.